डॉ. द्वारकानाथ कोटनीस : चिनी खेड्यांतील सोलापूरकर

परदेशाहून येऊन आपल्या लोकांत राहिलेले डॉक्टर आपल्या वाचकांस नवे नाहींत. कॅनडांत जन्मलेले डॉ. वान्लेस १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले आणि मिरजेच्या दवाखान्यांत त्यांनीं आपल्या आयुष्याचा उत्तम काळ वेंचला. परंतु आपल्या सोलापूरचा एक तरुण असाच परमुलखांत जाऊन तेथील खेडुतांत राहिला, हें पुष्कळांस नुसतें ऐकून ठाऊक असतें. त्याचें चरित्र थोडक्यांत सांगतों.

द्वारकानाथ शांताराम कोटनीस यांचा जन्म सोलापूर येथें १० आक्टोबर १९१० रोजीं झाला. घरची स्थिति साधारण व भावंडें पुष्कळ. त्यांनीं मुंबईस शेठ गो. सुं. वैद्यकीय कॉलेजांत डॉक्टरीचें शिक्षण घेतलें. इकडे १९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली. चिनी सेनापति चू तेह यांनीं पंडित नेहरूंस मदत मागितली, आणि त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं वर्गणी गोळा करून एक वैद्यकीय पथक पाठविण्याचें ठरविलें. अटल, चोळकर, बसू, मुकर्जी व कोटनीस असे पांच डॉक्टर सप्टेंबर १९३८ मध्यें मुंबईहून जहाजानें निघाले.

चुंगकिंग शहरीं असतांना कोटनीसांस वडील वारल्याची बातमी कळली. घरीं आई व भावंडें. परत जावें असें सोबत्यांनींही सुचविलें. असें करणाऱ्यास कोणी दोष दिला नसता. परंतु हातीं घेतलेलें काम टाकावयाचें नाहीं असें त्यांनीं ठरविलें, व १९३९ च्या आरंभीं ते सोबत्यांसह येनान येथें पोहोंचले. पुढें तिघे जण एकामागून एक स्वदेशीं परतले. बसू व कोटनीस मात्र राहिले.

येनान येथें डोंगराच्या पिवळ्या मातींत कोरलेल्या गुहा हींच घरें होतीं. पुढें उत्तर चीनच्या डोंगराळ भागांत कोटनीस गेले, तेथील राहणी तर अगदीं शेतकऱ्याची. खाण्यास बहुधा राळ्याचा भात व थोडी भाजी. अंगांत कापूस भरलेले जाडे कपडे. रात्रीं निजावयास आंतून विस्तवानें ऊब दिलेला मातीचा ओटा. इस्पितळ म्हणजेही मोठी इमारत नव्हे. जखमी लोक शेतकऱ्यांच्या घरांतून वांटून ठेवलेले असत, आणि शत्रु चालून आला म्हणजे सारें बिऱ्हाड उचलून डोंगरांत न्यावें लागे. औषधांचा नेहमींच तुटवडा असे.

दुभाष्यावर अवलंबून राहून रोग्याचें मन कळत नाहीं, हें ओळखून कोटनीसांनीं चिनी भाषा बोलण्यापुरतीच नव्हे, तर वाचण्यालिहिण्याइतकी आत्मसात केली. त्याच भाषेंत ते विद्यार्थ्यांस शिकवूं लागले. लोकांनीं त्यांचें नांवही चिनी करून घेतलें. ते त्यांस के दिह्वा म्हणत. १९४० च्या एका मोठ्या लढाईंत त्यांनीं न झोंपतां ७२ तासांपर्यंत शस्त्रक्रिया केल्या, व आठशेंहून अधिक जखमींवर उपचार केले, असें सांगतात.

ह्याच मुलखांत त्यांच्यापूर्वीं डॉ. नॉर्मन बेथ्यून नांवाच्या कॅनडियन शस्त्रवैद्यानें काम केलें होतें. शस्त्रक्रिया करतांना बोटास झालेली जखम चिघळून ते नोव्हेंबर १९३९ मध्यें वारले. त्यांच्या नांवें चालणाऱ्या इस्पितळाचे मुख्य म्हणून जानेवारी १९४१ मध्यें कोटनीसांची नेमणूक झाली. कॅनडाचा एक डॉक्टर मिरजेस आला, आणि सोलापूरच्या डॉक्टरानें चीनमध्यें दुसऱ्या कॅनडियनाची जागा भरून काढली, हा योग विचार करण्यासारखा आहे.

तेथेंच ग्वो चिंगलान ह्या परिचारिकेशीं त्यांचा १९४१ च्या अखेरीस विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्यें पुत्र झाला. त्याचें नांव यिनह्वा, म्हणजे हिंदुस्थान व चीन, असें ठेविलें. त्याच सालीं कोटनीस चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले. परंतु अतिश्रमानें व निकृष्ट अन्नानें त्यांची प्रकृति खालावली होती. त्यांस अपस्माराचे झटके येत. उपचारासाठीं दुसरीकडे जाण्याचा सल्ला त्यांनीं मानला नाहीं. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. मूल तेव्हां तीन-चार महिन्यांचें होतें. तो मुलगाही पुढें वैद्यकीचा अभ्यास करीत असतां १९६७ सालीं वारला.

१९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं त्यांच्या चरित्रावर बोलपट काढला. चीनमध्यें शिजियाझुआंग शहरीं बेथ्यून यांची व त्यांची समाधि एकाच उद्यानांत आहे, आणि सोलापुरांत त्यांचें घर स्मारक म्हणून राखिलें आहे. शेजारच्या तालुक्यांत कामास जावयाचें म्हटलें तरी आपण तेथील पाणी, भाकरी व बोली यांविषयीं कुरकुर करतों. अशा वेळीं राळ्याचा भात खाऊन परक्या भाषेंत रोग्याची विचारपूस करणाऱ्या ह्या सोलापूरकराची आठवण करावी.