कै. गोपाळबाबा वलंगकर : पलटणीतील शिपायांचे कैवारी

कामठीच्या छावणीवरून जाणाऱ्या रस्त्याने आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी प्रवास केला असेल. त्या छावणीत आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या दलाचे केंद्र आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत महार रेजिमेंटची दुसरी पलटण याच कामठीस उभी राहिली आणि १९४६ साली त्या रेजिमेंटचे केंद्रही येथेच स्थापन झाले, ही गोष्ट आपल्या तरुण पिढीपैकी किती जणांस ठाऊक असेल याची मला शंका वाटते. ही पलटण सरकारने एके दिवशी आपणहून देऊन टाकली असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः तिच्यामागे अर्जविनंत्यांची जवळजवळ पन्नास वर्षे उभी आहेत, आणि त्या वर्षांच्या आरंभी कोकणातील एका पेन्शनर शिपायाची मूर्ती दिसते. त्यांचे नाव गोपाळबाबा वलंगकर. यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे अल्प चरित्र द्यावे असे ठरले, तेव्हा ते काम मी आनंदाने पत्करले.

गोपाळबाबांचे पूर्ण नाव गोपाळनाक विठ्ठलनाक वलंगकर. त्यांचा जन्म १८४० च्या सुमारास त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे हल्लीच्या रायगड, जिल्ह्यात महाडजवळील रावढळ या गावी महार कुटुंबात झाला. नावाला जोडून येणारा हा 'नाक' शब्द आता आपल्या नावांतून गेला आहे; पण ज्यांनी भीमा कोरेगावचा स्तंभ पाहिला असेल त्यांस तो परिचयाचा आहे. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे जी लढाई झाली तीत पडलेल्या ज्या ४९ जणांची नावे स्तंभावर कोरलेली आहेत, त्यांपैकी २२ नावे महार शिपायांची असून ती या प्रत्ययावरूनच ओळखू येतात. पलटणीच्या दप्तरी आपल्या लोकांची नोंद 'परवारी' या नावाने होत असे.

तरुणपणी गोपाळबाबा लष्करात भरती झाले. तो काळ मुंबई इलाख्याच्या स्वतंत्र सैन्याचा होता. त्या सैन्याची रीत इतर इलाख्यांहून निराळी होती आणि ती आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व गाऱ्हाण्याचे मूळ तेथे आहे. मुंबईच्या पलटणींत निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच कंपनीत असत. रांगेत उभे राहताना उंची पाहिली जाई, जात पाहिली जात नसे. ज्या माणसाची सावली गावात विटाळ मानली जाई, तोच माणूस येथे इतरांच्या खांद्याला खांदा लावून बंदूक पेलीत असे. आणि नोकरी चोख केली तर तो जमादार, सुभेदार, क्वचित सुभेदार-मेजरही होई, मग त्याच्या हुकमाखाली वरिष्ठ जातींचे शिपाई असले तरी चालत असे. शिवाय पलटणीत शाळा होती. शिपायांच्या मुलामुलींस तेथे सक्तीने शिक्षण मिळे. गावच्या शाळेच्या ओट्यावरही ज्यांस बसू देत नव्हते, त्यांच्या घरात या शाळेमुळे पाटी आणि पुस्तक आले. मी जन्मभर मास्तरकी केली असल्यामुळे मला या गोष्टीचे महत्त्व बंदुकीहून अधिक वाटते.

१८८६ साली गोपाळबाबा निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झाले. दापोली हे त्या वेळी लष्करी पेन्शनरांचे गाव होते. अद्यापही त्यास कॅम्प दापोली म्हणतात. छावणीत रुबाबाने वावरलेला मनुष्य पेन्शन घेऊन घरी परतला की गावाच्या वेशीशीच त्याचा सुभेदार संपे आणि महार उरे. पाणवठा बंद, देऊळ बंद, दुकानदार माल दुरून फेकणार. उमेदीची वर्षे सरकारच्या चाकरीत गेली तरी गावच्या लेखी त्याची किंमत बदललेली नसे. हा अनुभव त्या वसाहतीतील प्रत्येक घराचा होता. पुष्कळांनी तो मुकाट्याने गिळला. गोपाळबाबांनी लेखणी उचलली.

महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल ठसा होता. ते 'दीनबंधु' पत्रातून लिहीत, आगरकरांच्या 'सुधारक' पत्रातही लिहीत. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यात समाजातील वरिष्ठ वर्गास २६ प्रश्न विचारलेले आहेत. शास्त्रांचा आधार कोणता, विटाळ कोठून आला, याचा जाब मागणारी ही पुस्तिका एका पेन्शनर शिपायाने लिहिली आहे. पुढे त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्था स्थापन केली. महाराष्ट्रातील अस्पृश्यांनी स्वतः चालविलेल्या अगदी आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते.

इतक्यात तो मोठा आघात झाला. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करातील भरती बंद केली. मांग, चांभार आदी इतर अस्पृश्य जातींनाही तोच न्याय लागला.

याचे कारण काय? कोणा शिपायाने बेइमानी केली होती काय? कोठे रणांगणावर पाठ दाखविली होती काय? यांपैकी काही एक घडले नव्हते. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांचे असे ठाम मत होते की, लढणे हा काही ठराविक जातींचा जन्मजात गुण आहे. त्यापूर्वी ते मद्रासच्या सैन्याचे सेनापती होते आणि दक्षिणेतील शिपायांविषयी त्यांचे मत तेथेच प्रतिकूल बनले होते. वायव्य सरहद्दीवर रशियाचे भय होते, तेव्हा सरकारचा सारा भर पंजाबी, शीख, पठाण, गुरखे अशा लोकांवर वळला. त्याच सुमारास मिश्र पलटणी मोडून एका कंपनीत एकाच जातीचे लोक घेण्याची पद्धत सुरू झाली. अशा पद्धतीत अस्पृश्यांस जागा राहिली नाही. त्यांच्या हाताखाली इतर जातींचे शिपाई नाखुशीने राहतात, हेही कारण पुढे करण्यात येई. मुंबईच्या पलटणींत अनेक दशके जे बिनबोभाट चालले होते, तेच आता अशक्य ठरविण्यात आले.

शिपायाच्या दृष्टीने या धोरणातील खरी जखम कोणती, याचा आपण विचार केला पाहिजे. लष्करात कष्ट असतात, शिक्षा असते, मरण तर असतेच. त्याबद्दल शिपाई कुरकुर करीत नाही. परंतु त्याची अशी समजूत असते की, आपण नोकरी चोख केली तर वरिष्ठ आपली पाठराखण करील. येथे वरिष्ठानेच गावच्या पाटलाप्रमाणे जात विचारली. ज्या साहेबांनी त्यांच्या छातीवर बिल्ले लावले, त्यांच्याच दप्तरातून तुमची मुले आम्हांस नकोत असे उत्तर आले. एका निर्णयाने भाकरी गेली, मुलांची शाळा गेली, सुभेदारीची शिडी गेली. ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्या लष्करात गेल्या होत्या, त्यांच्या मुलांस गावकीची कामे किंवा गिरणी-गोदीची मजुरी याखेरीज वाट उरली नाही.

आणि याविरुद्ध बोलावे कोणी? शिपायास हुकूम ऐकण्याची शिकवण असते, हुकमाचे कारण विचारण्याची नसते. पेन्शनर म्हणावा तर त्याची महिन्याची भाकरी सरकारच्या हाती; सरकारविरुद्ध कागदावर सही करताना त्याने दहा वेळा विचार केला तर त्यास दोष देता येणार नाही. त्यामुळे गाऱ्हाणे घरोघर होते, पण ते ओट्यावरच्या गप्पांपलीकडे जात नव्हते. गोपाळबाबांचे मोठेपण येथे आहे. त्यांनी आपल्या मंडळीच्या वतीने १८९४ साली मुंबईच्या सेनापतीस उद्देशून अर्ज तयार केला आणि त्यात भरतीबंदीच्या धोरणासच हात घातला. अर्जाची भाषा मायबाप सरकारपुढे नम्र होती, तशी ती त्या काळी असावीच लागे. मागणी मात्र स्पष्ट होती की, लष्कराचे दार पुन्हा उघडावे.

या अर्जात त्यांनी आपले लोक मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा मांडला. दुर्गादेवीच्या भयंकर दुष्काळात, म्हणजे १३९६ च्या सुमारास, पोट जाळण्यासाठी मिळेल ते खाल्ल्यामुळे त्यांस हीनत्व आले, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद आज आपणांस पटणारा नाही, आणि ते मी येथे स्पष्टपणे लिहितो. एकीकडे संस्थेचे नाव 'अनार्य' ठेवावयाचे आणि दुसरीकडे क्षत्रियत्व सांगावयाचे, यात विसंगती आहे. शिवाय योग्यता जन्मावर अवलंबून असते हे रॉबर्ट्ससाहेबांचे म्हणणे यात एका परीने मान्य केल्यासारखे होते. परंतु अर्ज वाचणारा ज्या मापाने मोजतो त्याच मापाने आपला माल मोजून दाखविणे अर्जदारास भाग पडते, हेही विसरता कामा नये. खरा आधार सेवेचा होता. शिवकालापासून किल्ल्यांच्या राखणीत आणि पुढे कंपनीच्या पलटणींत जे रक्त सांडले, त्याचा हिशेब कोणत्याही वंशावळीहून भक्कम होता.

याच सुमारास सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, लष्करी शाळेतील मुख्याध्यापकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन काही काळ दापोलीस राहत होते. त्यांनीही भरतीबंदीविरुद्ध खटपट केली आणि अर्जाच्या कामी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतले, असे बाबासाहेबांचे चरित्रकार सांगतात. छोटा भीमराव तेव्हा तीन-चार वर्षांचा होता. दापोलीच्या त्या पेन्शनरांच्या घरांतून कोणत्या गोष्टी चालत असतील आणि कोणत्या कानांवर पडत असतील, याची वाचकांनीच कल्पना करावी.

अर्जाचा उपयोग झाला नाही. १ एप्रिल १८९५ रोजी मुंबईचे स्वतंत्र सैन्यच संपुष्टात आले. चारही विभागांचे सैन्य एका सत्तेखाली गेले, आणि ज्या सेनापतीस उद्देशून अर्ज लिहिला होता त्याची गादीही त्याबरोबर गेली. लष्करी नोकरीचे गाऱ्हाणे असेच पुष्कळदा हरवते. अधिकारी बदलतो, कचेरी बदलते, आणि नव्या मेजावर जुना कागद अनाथ होतो.

त्याच १८९५ साली सरकारने गोपाळबाबांस महाड तालुका लोकल बोर्डाचे सभासद नेमले. एक अस्पृश्य आपल्या बरोबरीने बैठकीस बसणार, हे वरिष्ठ वर्गीय मंडळींस रुचले नाही आणि पुष्कळ गिल्ला झाला. ज्या सरकारने त्यांच्या जातीस पलटणीत नालायक ठरविले, त्याच सरकारने त्यांस बोर्डात लायक मानले, हा विरोध त्यांच्याही ध्यानी आल्यावाचून राहिला नसेल. ते आपल्या जागी ठाम राहिले. १९०० साली त्यांचे देहावसान झाले, तेव्हा लष्कराचे दार बंदच होते.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून लष्कर व पोलीस खात्यांत प्रवेश मागितला. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारण्यात आली. गरज सरताच १९२१ साली ती मोडण्यातही आली. मार्च १९२७ मध्ये, गोपाळबाबांच्याच तालुक्यात, महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी अध्यक्षपदावरून भरतीबंदीच्या अन्यायाचा समाचार घेतला. जुलै १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या टोपीवरील पहिल्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. त्यापाठोपाठ आपली कामठीची पलटण झाली. रेजिमेंटचे केंद्र पुढे मध्य प्रदेशात सागर येथे गेले आणि आजही ते तेथेच आहे.

आता त्या रेजिमेंटमध्ये अनेक प्रांतांचे व अनेक जातींचे जवान आहेत. महाराच्या हाताखाली इतर जातींचे शिपाई राहणार नाहीत असे एकेकाळी म्हणत; आज ते सारे महार हे नाव खांद्यावर धारण करून उभे राहतात. १९८१ साली भारताचे लष्करप्रमुख झालेले जनरल कृष्णराव आणि १९८६ साली त्या पदावर आलेले जनरल सुंदरजी, हे दोघेही याच रेजिमेंटचे अधिकारी होते.