लोहाराचा मुलगा : सोइचिरो होंडा

जपानमधील हामामात्सु शहराजवळच्या कोम्यो या खेड्यात गिहेई होंडा नावाचा एक लोहार राहत असे. १७ नोव्हेंबर १९०६ रोजी त्याला मुलगा झाला. तोच सोइचिरो. या मुलाला पुस्तकांची गोडी बेताचीच होती; पण एके दिवशी गावात प्रथमच मोटारगाडी आली, तेव्हा तो तिच्यामागे धावत सुटला. गाडी थांबली तेथे तेल सांडले होते. सोइचिरोने वाकून त्याचा वास घेतला आणि ते हातांना चोळले!

पंधराव्या वर्षी तो टोकियोतील मोटारदुरुस्तीच्या एका दुकानात उमेदवार म्हणून राहिला. सुरुवातीचे दिवस मालकाचे मूल सांभाळण्यातच गेले. तरी तो तेथे टिकला, काम शिकला आणि १९२८ साली त्याच दुकानाची शाखा त्याने हामामात्सुत काढली.

पुढे होंडांनी पिस्टनभोवती बसणाऱ्या कड्या ओतण्याचा उद्योग आरंभला. परंतु त्या कड्या मनासारख्या उतरेनात. तेव्हा हा कारखानदार तंत्रविद्यालयात तरुण विद्यार्थ्यांच्या शेजारी जाऊन बसला. आपल्या धातूत सिलिकॉन कमी पडते, हे त्यांना तेथे उमगले. परीक्षा मात्र त्यांनी दिली नाही!

महायुद्ध संपल्यावर लष्कराकडे उरलेली लहान इंजिने त्यांनी सायकलींना बसवून विकली आणि १९४८ साली होंडा मोटर कंपनी स्थापन केली. पैशाचा व्यवहार त्यांचे सहकारी फुजिसावा पाहत. होंडांचा जीव यंत्रात. स्वभाव तापट, कामातील हयगय त्यांना मुळीच खपत नसे.

इंग्लंड व आयर्लंड यांच्यामधील मॅन बेटावर १९०७ सालापासून मोटारसायकलींच्या शर्यती होत आल्या आहेत. आपण त्या जिंकणार, असे होंडांनी मार्च १९५४ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी माल खपेनासा झाला व कंपनी बुडते की काय, अशी वेळ आली. तरीही होंडा जूनमध्ये शर्यत पाहण्यास गेले. तेथे जे दिसले त्याने ते हादरले. जर्मन इंजिने तेवढ्याच आकारात त्यांच्या इंजिनाच्या सुमारे तिप्पट शक्ती देत होती!

१२५ घनसेंटिमीटर म्हणजे चहाचा लहानसा पेला. एवढ्या जागेत इंधन व हवा मावणार ती किती? नियमामुळे जागा वाढवता येत नाही. मग शक्ती आणावी कोठून? ती जागा दर मिनिटास अधिक वेळा भरावी व रिकामी करावी, म्हणजेच इंजिन अधिक वेगाने फिरवावे. पण वर-खाली धावणारा पिस्टन प्रत्येक टोकाला थांबून उलट वळतो. तो जड असेल, तर त्या हिसक्यांनी इंजिनाचे भाग तुटतात. झडपा जड असतील, तर स्प्रिंगांना त्या वेळेवर मिटवता येत नाहीत. म्हणून होंडा व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी एका सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर योजले आणि प्रत्येकावर दोन मोठ्या झडपांऐवजी चार लहान झडपा बसवल्या. हे इंजिन मिनिटाला सुमारे १३,००० फेरे घेई.

३ जून १९५९ रोजी होंडांचा संघ मॅन बेटावर प्रथमच उतरला. तानिगुची हा स्वार सहावा आला. त्याच्यामागे सातवी, आठवी व अकरावी गाडीही होंडांचीच. पहिला क्रमांक हुकला, पण संघाचे पारितोषिक जपानला मिळाले. दोनच वर्षांनी, १९६१ साली, १२५ व २५० घनसेंटिमीटरच्या दोन्ही शर्यतींत पहिले पाचही क्रमांक होंडांच्या गाड्यांनी पटकावले. दोहोंत पहिला आला तो इंग्लंडचा माइक हेलवूड.

पुढे प्रतिस्पर्ध्यांची टू-स्ट्रोक इंजिने वरचढ होऊ लागली. त्यांत प्रत्येक फेऱ्याला एकदा स्फोट होतो, तर होंडांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एकदा. तेव्हा वेग आणखी वाढवणे भाग होते. त्यासाठी त्याच पेलाभर जागेचे पाच सिलिंडर करण्यात आले! पिस्टनची धाव जेमतेम २५ मिलिमीटर, गिअर आठ, आणि फेरे मिनिटाला २०,००० च्याही वर. या गाडीवर स्वित्झर्लंडच्या लुइजी तावेरीने १९६६ साली जागतिक अजिंक्यपद मिळवले.

१९७३ साली होंडा व फुजिसावा हे दोघेही एकाच वेळी निवृत्त झाले. ५ ऑगस्ट १९९१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, होंडांचे निधन झाले.