समजून घ्या : बारामतीत ‘एआय’चा ऊस थेट शेतात का दाखवतात?

शरद पवार यांचे थोरले बंधू पद्मश्री आप्पासाहेब पवार यांनी आयुष्य शेतीच्या कामाला दिले. बारामती, इंदापूरच्या जिरायती गावांत एक प्रयोग फसला, तरी शेतकऱ्याचे वर्ष वाया जाते. म्हणून १९७१ मध्ये स्थापन झालेल्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टमधून त्यांनी ठिबकसारखी तंत्रे आधी संस्थेच्या शेतात आणली.

त्यांच्यामागेही ही रीत टिकली. जानेवारी २०२५ च्या ‘कृषिक’ प्रदर्शनात ट्रस्टने ‘एआय’वर वाढवलेला ऊस थेट शेतात दाखवला. उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतील सेन्सर यांची माहिती जुळवून पाणी व खत कधी, किती द्यायचे, याचा सल्ला मोबाइलवर मिळतो. सोबत ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट आहेत. पण भरवसा ठेवायचा का, हे शेतकरी बांधावर उभा राहूनच ठरवतो.