चेतातंतूंच्या वाटचालीचे आद्य संशोधक काहाल

गर्भावस्थेत वाढणारा चेतातंतू आपल्या नेमक्या स्थानी कसा पोहोचतो, या प्रश्नाच्या उत्तराचा पाया स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी घातला. आधुनिक चेताविज्ञानाचे ते जनक मानले जातात.

१ मे १८५२ रोजी पेतिया दे आरागोन या खेड्यात त्यांचा जन्म झाला. चित्रकार होण्याची त्यांची इच्छा होती. परंतु वैद्यकीय व्यवसायातील वडिलांनी त्यांना वैद्यकशास्त्राकडे वळविले. लष्करी डॉक्टर म्हणून क्यूबात असताना त्यांना हिवतापाने ग्रासले. मायदेशी परतल्यानंतर त्यांनी अध्यापन आणि संशोधन स्वीकारले.

इटलीचे कामिलो गोल्जी यांनी शोधलेल्या चांदीच्या क्षाराने पेशी रंगविण्याच्या पद्धतीत काहाल यांनी सुधारणा केली. चेतासंस्था हे अखंड जाळे नसून ती स्वतंत्र पेशींची बनलेली आहे, असे प्रतिपादन करणारे निष्कर्ष त्यांनी १८८८ पासून स्वखर्चाने काढलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. मात्र गोल्जी यांनी पारितोषिकाच्या व्याख्यानातही या सिद्धान्ताला विरोधच केला.

कोंबडीच्या गर्भातील मेरुरज्जूचा अभ्यास करताना १८९० मध्ये काहाल यांना वाढत्या तंतूच्या टोकाशी शंकूसारखा भाग आढळला. समोर केवळ मृत ऊतींचे काप असूनही, हा शंकू सतत पुढे सरकत असावा आणि रासायनिक द्रव्ये त्याला दिशा देत असावीत, असे अनुमान त्यांनी मांडले. अमेरिकेचे रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातील जिवंत तंतूची वाढ प्रत्यक्ष दाखविली.

रासायनिक संकेताचे वळणात रूपांतर कसे होते, याचा उलगडा पुढे कॅल्शियमच्या अभ्यासातून होऊ लागला. पेशीबाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. संकेत मिळताच शंकूच्या एका बाजूस कॅल्शियम वाढते. ही वाढ पुरेशी असल्यास शंकू त्या बाजूस वळतो. ती अल्प असल्यास विरुद्ध दिशेला जातो. कृत्रिमरीत्या एका बाजूचे कॅल्शियम वाढवून शंकू वळविता येतो, हे २००० मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले.

प्रौढ मेंदू व मेरुरज्जूतील तुटलेले तंतू पुन्हा नीट वाढत नाहीत, याचीही सविस्तर नोंद काहाल यांनी केली होती. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. मेरुरज्जूच्या दुखापतीने अपंगत्व आलेल्या रुग्णांसाठी त्यांचा हा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे.