आयझॅक वॉल्टन : कापडाचा व्यापारी, गळाचा गुरू

काही माणसे पोटासाठी एक उद्योग करतात आणि जगाच्या स्मरणात मात्र दुसऱ्याच गोष्टीमुळे राहतात. सतराव्या शतकातील इंग्रज लेखक आयझॅक वॉल्टन हा अशांपैकी एक. लंडनमध्ये त्याचे कापडाचे दुकान होते. पण आज जगभर त्याचे नाव घेतले जाते ते गळाने मासे धरणाऱ्यांचा गुरू म्हणून. १६५३ साली प्रसिद्ध झालेले त्याचे ‘द कम्प्लीट अँगलर’ हे पुस्तक गेली पावणेचारशे वर्षे पुन्हा पुन्हा छापले जात आहे. जमाखर्चाची पुस्तके वाचणाऱ्या माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या गृहस्थाच्या वाटेला का जावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे कारण घरगुती आहे.

आमचे घर सुरतेत पर्वत पाटियाला. वडील मूळचे खानदेशातले, तापीकाठच्या गावातले. चोवीस वर्षे त्यांनी मागावर काढली. आई बेळगावकडची. त्यामुळे आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा नांदतात, आणि दारात आली की गुजराती. ज्याला मराठीत गळ म्हणतात त्याला आई गाळ म्हणते आणि शेजारचे काका गल म्हणतात. एवढ्या बाबतीत तरी तिन्ही भाषांचे एकमत आहे. रविवारी तापीवर जाऊन गळ टाकणे हा वडिलांचा एकमेव शौक. गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. जड वस्तू उचलायची नाही, हात झटकायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. त्यांची जुनी जाड काठी माळ्यावर गेली आणि रविवारी ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडू लागले. त्यांच्यासाठी हलकी काठी आणि हलके रीळ निवडायचे, हे काम मी अंगावर घेतले. ते करताना शोधत शोधत मी वॉल्टनपर्यंत पोहोचलो.

वॉल्टनचा जन्म १५९३ साली इंग्लंडमधील स्टॅफर्ड या गावी झाला. वडील मद्यगृह चालवीत. तो तीन-चार वर्षांचा असतानाच ते वारले. पुढे तो लंडनला गेला आणि टॉमस ग्रिन्सेल नावाच्या कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारी करू लागला. त्या काळी लंडनमध्ये व्यापार करायचा तर एखाद्या व्यापारी संघाचे सभासद व्हावे लागे. वॉल्टन १६१८ मध्ये आयर्नमाँगर्स कंपनी या संघाचा सभासद झाला. नावाने हा संघ लोखंडवाल्यांचा, पण वॉल्टनचा धंदा कापडाचा. फ्लीट स्ट्रीट आणि चान्सरी लेन या भागात त्याने दुकान चालविले.

याच काळात आमची सुरत लंडनशी जोडली गेली. १६१३ साली इंग्रजांची वखार सुरतेत स्थिरावली आणि इकडचे सुती कापड जहाजांतून लंडनच्या बाजारात जाऊ लागले. १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा वॉल्टन सत्तरी ओलांडत होता. इतिहासाच्या तासाला आपण ज्या काळाविषयी शिकतो, त्याच काळात तिकडे हा कापडवाला नदीकाठी बसून मासे धरीत होता, हे ध्यानात घेतले की तो फारसा परका वाटत नाही.

त्याचे शिक्षण बेताचे. पण त्याच्या दुकानाजवळच्या सेंट डन्स्टन चर्चमध्ये प्रसिद्ध कवी जॉन डन हे धर्मगुरू होते. त्यांचा आणि वॉल्टनचा स्नेह जडला. डन यांच्या मृत्यूनंतर वॉल्टनने त्यांचे चरित्र लिहिले. ते १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्याने हेन्री वॉटन, रिचर्ड हूकर, जॉर्ज हर्बर्ट आणि रॉबर्ट सँडरसन यांचीही चरित्रे लिहिली. इंग्रजीतील आरंभीच्या चांगल्या चरित्रकारांत त्याची गणना होते. गज हातात धरणाऱ्या माणसाने लेखणीही तितक्याच नेमकेपणाने धरली.

त्याचा संसार मात्र दुःखाचा होता. १६२६ साली रेचल फ्लड हिच्याशी त्याचे लग्न झाले. त्यांना सात मुले झाली. त्यांतले एकही मोठे झाले नाही. १६४० मध्ये रेचलही गेली. लवकरच देशात यादवी पेटली. राजा आणि पार्लमेंट यांच्या युद्धात वॉल्टन मनाने राजाच्या बाजूचा होता. १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. १६५१ साली वूस्टरच्या लढाईत त्याच्या मुलाचा पराभव झाला, तेव्हा पळून गेलेल्या त्या राजपुत्राचे एक रत्नजडित पदक गुप्तपणे लंडनला पोहोचविण्याचे काम वॉल्टनने केले. पकडला गेला असता तर त्याची धडगत नव्हती. त्याने दुसरे लग्न केले ते अ‍ॅन केन हिच्याशी. तिची दोन मुले, अ‍ॅन आणि आयझॅक, जगली. पण १६६२ मध्ये तीही त्याच्या आधी गेली.

अशा माणसाने साठाव्या वर्षी जे पुस्तक लिहिले त्यात तक्रारीचा सूर नाही. अठरा पेन्स किमतीचे ते छोटे पुस्तक. त्यात एक अनुभवी मासे धरणारा वाटेत भेटलेल्या माणसाला आपली विद्या शिकवतो. बोलता बोलता ते नदीकाठाने चालतात, पाऊस आला की झाडाखाली थांबतात, रात्री खानावळीत जेवतात. कोणता मासा कोठे राहतो, काय खातो, त्याला कोणते आमिष लावावे, काठी आणि दोरी कशी असावी, हे सारे त्यात आहे.

यातला दोरीचा भाग वाचताना मला वॉल्टनमधला कापडवाला स्पष्ट दिसला. त्या काळी तंगूस नव्हता. घोड्याच्या शेपटीचे केस पिळून दोरी करीत. वॉल्टन सांगतो की केस गोल, स्वच्छ आणि एकसारखा निवडावा. असा एक चांगला केस तीन वाकड्यातिकड्या केसांइतका टिकतो. सारख्या जाडीचे केस असले की ओढ सर्वांवर सारखी पडते. जाड-बारीक मिसळले की ते एकेक करून तुटतात. मागावर ताण्याचा एक धागा कच्चा निघाला तर काय होते हे माझ्या वडिलांना कोणी सांगावे लागत नाही. साधनाची ताकद त्याच्या जाडीत नसून सारखेपणात असते, हा या पुस्तकातला पहिला धडा.

दुसरा धडा चार्ल्स कॉटन या त्याच्या तरुण मित्राचा. कॉटन वॉल्टनपेक्षा सदतीस वर्षांनी लहान. १६७४ मध्ये त्याने डव्ह नदीच्या काठी एक छोटे घर बांधले आणि दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरविली. १६७६ च्या पाचव्या आवृत्तीला त्याने दुसरा भाग जोडला. गळाजवळची दोरी जितकी बारीक तितका मासा कमी बुजतो, म्हणून तेथे दोनच केस असावेत आणि तेवढ्यावर वीस इंची मासा काठावर आणण्याइतका हात शिकवावा, असे त्याचे मत. म्हणजे हलके साधन दुबळ्याचे नव्हे. ते ज्याचा हात जाणता आहे त्याचे.

वॉल्टनच्या काळी दोरी सहसा काठीच्या टोकालाच बांधलेली असे. फार मोठा मासा लागला तर दोरी तुटू नये म्हणून तो सरळ काठीच पाण्यात सोडून देई आणि मासा दमल्यावर ती परत घेई. मोठ्या सामन माशासाठी काठीवर चाक बसविण्याची रीत तेव्हा नुकतीच दिसू लागली होती. १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने तिचा उल्लेख केला आहे. पण ते चाक फिरायला ओढ लागे. हलके आमिष फेकले तर ते चाकाला फिरवू शकत नसे.

ही अडचण दूर केली तीही कापडाच्याच धंद्यातल्या माणसाने. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावचा गिरणीमालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने १९०५ मध्ये नव्या रिळाचे पेटंट घेतले. धोट्यातली कांडी फिरत नाही. तिच्या टोकावरून सूत सुटत जाते. त्याच तत्त्वावर या रिळात गरगरणारे चाक नाही. दोरी स्थिर रिळाच्या तोंडावरून वेटोळ्यांनी सुटते आणि परत गुंडाळताना एक आकडा तिला रिळाभोवती फिरवितो. चाक फिरवायचे नसल्यामुळे पाच-सात ग्रॅमचे आमिषही दूर जाते. आज ज्याला स्पिनिंग रीळ म्हणतात ते हेच. अमेरिकेत बास नावाच्या शिकारी माशासाठी हलकी स्पिनिंग काठी आणि हे रीळ फार लोकप्रिय आहे.

आता या सगळ्याचा हिशेब मी घरासाठी मांडला. दुकानात मला आधी नऊ फुटांची जाड काठी दाखविली, कारण ती मजबूत. पण वॉल्टनच्या पद्धतीने मी उलट बाजूने, म्हणजे माशापासून सुरुवात केली. वडील जे मासे धरतात ते बहुधा किलो-दीड किलोच्या आतले. तेवढ्यासाठी तीन किलो ताण सोसणारी बारीक दोरी पुरते. त्या दोरीला शोभेल असे आमिष तीन ते दहा ग्रॅमचे. मूठीजवळ काठीवर आमिषाचे वजन आणि दोरीची ताकद छापलेली असते. हे आकडे जुळले की काठी ठरली. साडेसहा फुटांची, दोन तुकड्यांची, कार्बनची. तिला दोन हजार क्रमांकाचे रीळ, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. रीळ बसवून मूठीच्या पुढच्या टोकाखाली बोट धरले तर काठी आडवी तोलून राहिली पाहिजे. टोक खाली गेले तर ते वजन दिवसभर मनगटाला आणि खांद्याला धरून ठेवावे लागते. दोन काठ्या या परीक्षेत नापास झाल्या, तिसरी पास झाली.

रिळाच्या तोंडावर एक चाप असतो. तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवावा. तीन किलोची दोरी असेल तर पाऊण ते एक किलो. मासा त्याहून जोराने ओढू लागला की रीळ आपण होऊन दोरी सोडते. वॉल्टन काठी पाण्यात सोडून देई, तेच काम हा चाप करतो. मात्र दाट पाणवनस्पतीत दडणाऱ्या मोठ्या मरळीसाठी ही काठी नव्हे; तेथे माशाला ताबडतोब वर खेचावे लागते आणि त्याला भक्कम काठी व जाड दोरीच हवी. हलके तेवढे चांगले असा सरसकट नियम नाही. कामाला जुळणारे ते चांगले.

सगळा खर्च अडीच हजारांच्या आत बसला. पहिल्याच रविवारी वडिलांनी सिंगणपोरच्या बंधाऱ्यावरच्या गोड्या पाण्यात तीन तास गळ टाकला. नुसत्या मनगटाने आमिष जाते, खांदा हलवावा लागत नाही, एवढेच ते घरी आल्यावर म्हणाले. मासा लागला नाही. पण पुढच्या रविवारी ते मला न उठवताच निघून गेले होते.

वॉल्टन नव्वद वर्षे जगला. उतारवयात तो बिशप जॉर्ज मॉर्ली यांच्या आश्रयाला राहिला आणि १५ डिसेंबर १६८३ रोजी विंचेस्टर येथे वारला. तेथल्या कॅथेड्रलमध्ये त्याला पुरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने स्वतः लिहिलेले मृत्युपत्र प्रत्येक वाणिज्य विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. शॅलोफर्ड येथील आपल्या शेतीचे उत्पन्न त्याने, मुलाबाबतच्या काही अटी घालून, आपल्या जन्मगावासाठी नेमून दिले. त्यातून दरवर्षी दहा पौंड दोन गरीब मुलांना कोणत्या तरी धंद्यात उमेदवारीला लावण्यासाठी; पाच पौंड एखाद्या मोलकरणीच्या किंवा गरिबाच्या मुलीच्या लग्नासाठी; आणि उरलेल्या रकमेतून जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी गरिबांना कोळसा. कडाक्याच्या थंडीत कोळसा केव्हा लागतो याचा विचार करून त्याने आठवडासुद्धा ठरवून दिला.

सात मुले गमावलेल्या आणि स्वतः उमेदवारीतून वर आलेल्या या व्यापाऱ्याने परक्या मुलांच्या उमेदवारीची सोय केली. केस निवडताना जी नजर त्याने वापरली, तीच पैसा वाटतानाही वापरली : किती द्यायचे याआधी कोणाला आणि कशासाठी, हे पाहिले. आपल्या महाविद्यालयातले बरेचसे मित्र उद्या पेढीवर, बँकेत किंवा कापडबाजारात बसतील. त्यांनी हे मृत्युपत्र एकदा जरूर पाहावे. आणि ज्यांच्या घरी कोणाची काठी माळ्यावर पडून असेल, त्यांनी ती आधी खाली काढून तोलून पाहावी.