कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या ज्ञातीतील तरुणांची नजर अद्यापि नोकरीकडे लागलेली असते. धंद्यात पडू म्हणणाऱ्यास घरातील वडीलधारी मंडळी प्रथम भांडवल किती आहे, हा प्रश्न विचारतात. ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे भांडवल नव्हते, अशा एका थोर कारखानदाराचे चरित्र म्हणूनच येथे थोडक्यात देत आहोत.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेतील पाठांतरापेक्षा चित्रकला आणि यंत्रे यांत त्यांचे मन अधिक रमे. वडिलांच्या मनात नसतानाही ते 1885 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग आपणांस नीट ओळखता येत नाहीत, हे तेथे ध्यानी आले आणि चित्रकार होण्याची आशा मावळली. तेव्हा ज्या रेखाटनास रंग लागत नाहीत ते यांत्रिक रेखाटन त्यांनी हाती घेतले, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे ते शिक्षक झाले. हक्काची बढती मात्र एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. पुष्कळांनी असा अपमान गिळून पेन्शनीची वाट पाहिली असती. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावचा रस्ता धरला.

बेळगावात वडील बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांचे सायकलींचे दुकान होते. किर्लोस्कर व्यवसायाचा आरंभ 1888 साली या दुकानापासूनच मानतात. सायकली विकाव्यात, दुरुस्त कराव्यात, वेळप्रसंगी गिऱ्हाइकास त्यांवर बसावयास शिकवावे, असा तो उद्योग. फावल्या वेळी लक्ष्मणराव अमेरिकन तांत्रिक मासिके वाचीत आणि यंत्रे उलगडून पाहत. त्यातून प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण तो घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली म्हणतात. या दोन वर्षांचे वर्णन चरित्रकार एका वाक्यात उरकतात. परंतु ज्याने माल तयार करून ठेवला आहे आणि गिऱ्हाइकाची वाट पाहिली आहे, त्यासच ती दोन वर्षे किती लांब असतात हे कळेल. शेतकऱ्यास अडाणी म्हणून दोष देणे सोपे होते. लक्ष्मणरावांनी त्याची शंका ऐकून घेतली व नांगर प्रत्यक्ष चालवून दाखविण्यावर भर दिला. परदेशी नांगराशी टक्कर द्यावयाची, तर माल त्याच्या तोडीचा आणि दर शेतकऱ्यास झेपणारा हवा, हे ते तेव्हाच ओळखून होते.

जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. चालता कारखाना उठवून न्यावयाचा कोठे? या संकटात औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर माळरान आणि 10,000 रुपये कर्जाऊ दिले. निवडुंगाने माजलेल्या आणि सर्पांनी भरलेल्या त्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

बरोबर माणसे तरी कशी होती! रामुअण्णांनी वसाहतीची आखणी केली. शंभुराव जांभेकर हे कोणत्याही पदवीवाचून यंत्रज्ञ झाले, तर शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर पुढे इंजिनियर म्हणून नावाजले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांस तर वसाहतीच्या राखणीवर नेमण्यात आले. अस्पृश्यता वाडीत पाळावयाची नाही, असा लक्ष्मणरावांचा निर्बंध होता. एका ज्ञातिसंस्थेच्या अंकात ही गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते, कारण नोकर निवडताना आपले व्यापारी बंधू अजूनही आडनावाकडे प्रथम पाहतात. लक्ष्मणराव हात पाहत.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल थांबला. नांगरांस मागणी वाढली, परंतु लोखंड व कोळसा दुर्मिळ झाले. तेव्हा राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. घरचा धंदा भागीदारांच्या हवाली करताना अनेकांचे हात आखडतात. येथे तो प्रश्न वेळेवर सुटला, हे विशेष. त्याच साली वाडीतून मासिकही निघू लागले. ते पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली महाराष्ट्रभर गाजले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून परतले. नांगरांच्या जोडीला पंप, उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे अशी मालाची यादी वाढत गेली, आणि 1946 साली पुणे व बंगलोर येथे नवे कारखाने निघाले.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी निवर्तले. भारत सरकारने 1989 साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. निवडुंगाच्या त्या माळावर वसलेल्या गावाचे रेल्वे स्टेशन किर्लोस्करवाडी याच नावाने ओळखले जाते.