सुटीतले प्रवासी : महर्षी कर्वे

मे महिना जवळ आला, की सदाशिव पेठेतील घराघरांत सुटीचे बेत सुरू होतात. रेल्वेचे आरक्षण कोणत्या तारखेचे मिळते, तेथून पुढची एसटी किती वाजता सुटते, वाटेतल्या कोणत्या गावी किती मुक्काम करायचा आणि सगळ्याचा खर्च किती, याची जुळवाजुळव चालते. सव्वाशे वर्षांपूर्वी फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे एक प्राध्यापकही दर सुटीपूर्वी अशाच विवंचनेत असत. त्यांचेही बेत अनेक गावांचे असत. मात्र या प्रवासावर सदाशिव पेठेत भाड्याच्या जागेत सुरू झालेल्या एका आश्रमातील विधवांचे जेवण आणि शिक्षण अवलंबून होते. हे प्राध्यापक म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. पुणेकरांचे अण्णा.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्याच वर्षी खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पूर्ण होऊन मुंबई आणि पुणे ही शहरे रेल्वेने थेट जोडली गेली. कोकणातील मुरूड गावी वाढणाऱ्या या मुलाला मात्र त्या गाडीचा काही उपयोग नव्हता. दापोलीजवळच्या या समुद्रकाठच्या खेड्यातून बाहेर पडण्याचे मार्ग दोनच. उघाडीच्या दिवसांत हर्णैच्या बंदरातून बोट, नाहीतर सह्याद्री ओलांडून पायवाट.

सातारची पायपीट

सहाव्या इयत्तेची परीक्षा देणे हे त्या काळी गरीब घरातील मुलाच्या दृष्टीने नोकरीचे दार उघडण्यासारखे होते. १८७५ मध्ये या परीक्षेचे केंद्र सातारा होते. बोटीने मुंबई, रेल्वेने पुणे आणि तेथून सडकेने सातारा हा मार्ग लांबचा असला तरी सोयीचा होता. पण पावसाळ्यात बोटी बंद असत. परीक्षेला दिवस थोडे उरले होते. अखेर धोंडू आणि त्याचे सोबती पायीच निघाले. भरपावसात, रानातून आणि घाटातून सुमारे ११० मैलांची वाट तुडवून मुले वेळेवर साताऱ्याला पोहोचली.

परीक्षेला बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. धोंडूचे वय तेवढे होते. मात्र चणीने लहान दिसणाऱ्या या मुलाकडे पाहून परीक्षा समितीच्या प्रमुखांना ते पटले नाही आणि त्यांनी त्याला परत पाठविले. एवढी पायपीट करून हाती काहीच न लागता मुरूडला परतण्याची वेळ आली. पुढच्या वर्षी कोल्हापूर केंद्रातून त्याने ती परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. एक मुक्काम हुकला तर दुसरा शोधायचा आणि पुन्हा निघायचे, ही अण्णांची पुढची सारी रीत या एका प्रसंगात दिसते.

पुढे मुंबईत रॉबर्ट मनी शाळा आणि एल्फिन्स्टन महाविद्यालय अशी मजल मारीत त्यांनी १८८४ मध्ये गणित विषय घेऊन बी. ए. ची पदवी मिळविली. शिकवण्या आणि शाळांतील तासांवर संसार चालला होता. लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर फर्ग्युसनला गणिताच्या अध्यापकाची गरज भासू लागली. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून १८९१ मध्ये अण्णा पुण्यात आले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई यांचे निधन झाले होते.

बंद झालेला मुक्काम

दुसरा विवाह करायचा तर विधवेशीच, असा अण्णांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई यांच्याशी विवाह केला. गोदूबाई या अण्णांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी. बालपणीच वैधव्य आलेल्या गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदी ठेवण्यात आले, तरी पुढे त्या बाया कर्वे या नावानेच ओळखल्या गेल्या.

विवाहानंतर सुटीत दोघे मुरूडला गेले. या गावासाठी अण्णांनी मुंबईत असताना आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून निधी उभा करण्याचा खटाटोप केला होता. त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना थारा दिला, तर त्या घरालाही वाळीत टाकण्याचे ठरले. आपल्यामुळे घरच्यांना त्रास नको, म्हणून अण्णांना दूर राहावे लागले. सुटीत पुण्यातील बहुतेक बिऱ्हाडकरू ज्या एका गावी हक्काने जात, ते कोकणातले घरच त्यांच्यासाठी बंद झाले.

त्या वर्षाच्या अखेरीस वर्ध्यात विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली आणि तिच्या चिटणीसपदाची धुरा अण्णांवर आली. तथापि, विधवांचे विवाह जुळवून हा प्रश्न फारसा सुटणार नाही, त्यांना शिक्षण देऊन स्वतःच्या पायावर उभे केले पाहिजे, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. स्वतःची शिल्लक अण्णांनी तिच्या स्वाधीन केली. १८९९ मध्ये सदाशिव पेठेतील भाड्याच्या जागेत आश्रम सुरू झाला. शहरात प्लेगची साथ वारंवार येत होती. त्यामुळे पुढच्याच वर्षी तो हिंगण्याला हलविण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी त्यासाठी सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले होते.

सुट्यांचे वेळापत्रक

हिंगणे तेव्हा पुण्याबाहेरचे आडरान होते. धड सडक नव्हती, वाहन मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवून अण्णा संध्याकाळी पायी हिंगण्याला जात आणि सकाळी तितकेच अंतर चालून परत येत. पावसाळ्यातील चिखलातही हा क्रम चुकत नसे.

महाविद्यालय चालू असताना ही रोजची पायपीट आणि सुटी लागली की वर्गणीसाठी परगावचा प्रवास, असे त्यांच्या वर्षाचे दोन भाग पडले. उन्हाळ्याची, दिवाळीची आणि नाताळची सुटी हाच त्यांच्या हाती असलेला मोकळा वेळ. त्यात जास्तीत जास्त गावे गाठायची तर लोहमार्गाच्या कडेने जाणे सोयीचे. मुंबई, वऱ्हाड आणि नागपूरकडील शहरे एकामागून एक घेता येत. परंतु स्थानकापासून दूर असलेल्या गावासाठी टांगा किंवा बैलगाडी पाहावी लागे आणि त्यात दिवस मोडे. एका गावी चार वर्गणीदार मिळणार असतील, तर त्यांच्यासाठी खर्ची पडणारा दिवस आणि भाडे परवडते का, हा हिशेब गणिताच्या प्राध्यापकालाही सोपा नव्हता. प्रवासावर उधळलेला प्रत्येक रुपया आश्रमाच्या ताटातून कमी होणारा होता.

अण्णा फर्डे वक्ते नव्हते. सभा गाजविणे त्यांना जमत नसे. विधवेशी विवाह केलेल्या माणसाला दारात उभे करण्यासही अनेकांची तयारी नसे. अशा वेळी वाद न घालता ते पुढचे घर गाठत. मिळालेली रक्कम लहान असो वा मोठी, तिची नोंद आणि हिशेब चोख असे. मोठ्या देणगीची वाट पाहत न बसता पुष्कळ लोकांकडून थोडे थोडे घ्यावे, म्हणजे तितक्या लोकांना संस्था आपली वाटते, असा त्यांचा अनुभव होता. वर्गणीच्या निमित्ताने आश्रमाचे नाव आणि काम गावोगावी पोहोचले. लेकी-सुनांच्या वैधव्याने हवालदिल झालेल्या घरांना पुण्याची वाट दिसली.

या प्रवासाची किंमत घरालाही मोजावी लागली. ज्या सुट्यांत इतर प्राध्यापकांच्या घरी मुलेबाळे वडिलांच्या सहवासात रमत, त्या सुट्यांत अण्णा परगावी असत. एरवीही रात्र हिंगण्यातच जाई. पैशांची आणि माणसाची ही दुहेरी ओढाताण बायांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात परखडपणे मांडली आहे. अण्णांच्या त्यागाची थोरवी गाताना त्या त्यागाचा अर्धा भार बायांनी उचलला, याचा विसर पडता कामा नये. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनीही आश्रमासाठी अशीच पायपीट केली. इंग्रजीचे ज्ञान बेताचे असताना त्या १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तेथे घरकामाची नोकरी करून राहिल्या.

टोकियोपर्यंत

१९१४ मध्ये अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि सुटीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. याच सुमारास टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतातही असे विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते प्रत्यक्षात आणले. विद्यापीठासाठी ते देशभर हिंडले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले.

एवढी देणगी हाती आल्यावर अण्णांनी विसावा घेतला असता, तरी कोणी नावे ठेवली नसती. पण मार्च १९२९ मध्ये, एकाहत्तरी पूर्ण होण्यास महिना राहिला असताना, ते परदेशी निघाले. या प्रवासाचे वेळापत्रक आजच्या सहल कंपन्यांनाही थक्क करील असे आहे. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथील प्राथमिक शिक्षकांची परिषद आणि लंडनच्या कॅक्स्टन हॉलमधील व्याख्यान, २५ जुलै ते ४ ऑगस्ट जिनिव्हातील शिक्षण परिषद आणि ८ ऑगस्टपासून डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे शिक्षणतज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय मेळावा. जिनिव्हा आणि एल्सिनोर यांच्यामध्ये अवघे तीन दिवस मोकळे होते. त्यानंतर अमेरिकेत ठिकठिकाणी व्याख्याने देत ते जपानला पोहोचले. वर्षांपूर्वी ज्याची पुस्तिका पुण्यात वाचली होती, ते टोकियोचे महिला विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि एप्रिल १९३० मध्ये ते मायदेशी परतले. वर्षभराच्या या भ्रमंतीत सुमारे २७ हजार रुपये जमले होते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पुन्हा बाहेर पडले. या वेळी आफ्रिका. मोंबासापासून केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार आणि पोर्तुगीज पूर्व आफ्रिका करीत ते दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेले. पंधरा महिन्यांच्या या प्रवासात तेथील भारतीयांना त्यांनी आपल्या कार्याची माहिती दिली.

जगभर फिरून आलेला हा वृद्ध १९३६ मध्ये पुन्हा सुरुवातीच्या ठिकाणी आला. महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन करून, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते पुण्यात दारोदार वर्गणी मागत फिरू लागले. जिनिव्हात व्याख्यान दिलेल्या माणसाला दोन-चार आण्यांसाठी जिने चढण्यात कमीपणा वाटला नाही.

पाटीवरचे नाव

१ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान पहिली एसटी धावली, तेव्हा अण्णा नव्वदीत होते. १९५८ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या १०५ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. कोकण रेल्वे पूर्ण होण्यास १९९८ साल उजाडावे लागले. ज्या दापोली तालुक्यातून पाऊस लागताच बाहेर पडणे दुरापास्त होई, तेथील प्रवाशांना आता खेड स्थानकावर गाडी मिळते.

अण्णा ज्या वाटेने संध्याकाळी चालत जात, त्या हिंगण्याच्या परिसराला पुढे कर्वेनगर हे नाव मिळाले आणि डेक्कनकडून तिकडे जाणारा रस्ता कर्वे रस्ता झाला. ज्या आश्रमाकडे एकेकाळी वाहन जात नव्हते, तेथे आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेत शिकणाऱ्या मुली शहराच्या सर्व भागांतून बसने येतात. त्यांच्या बसच्या पाटीवर कर्वेनगर असे लिहिलेले असते.